लांब पट्ट्याची पिशवी

आमच्या घराचा जिना रस्त्यावरून थेट माझ्या दाराशी येतो. वन्संचं दार खाली, जिन्याच्या मागच्या बाजूला. त्यामुळे त्यांच्याकडे येणारी माणसं आधी माझ्याकडे येतात. दार वाजतं, मी उघडते. बाहेर एखादी बाई उभी असते, बरोबर दीर किंवा भाऊ, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. मी कोण, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "तारीखमावशी इथेच राहतात ना?"

"खाली," मी सांगते. "वळसा घालून मागे जा. शिवणयंत्राचा आवाज येईल."

गेल्या वर्षी हे मी एकशे एकोणनव्वद वेळा सांगितलं. मला नोंद ठेवायची सवय आहे. शाळेत असताना नन्सनी लावली, ती अजून सुटली नाही.

तारीखमावशी म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून एका वर्षानं मोठी, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. त्यांचं लग्न झालं नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि हाती कात्री आली, ती आजपर्यंत. कोर्टाच्या इमारतीत आता खून झालेल्यांच्या घरच्यांना बसायला एक वेगळी खोली मिळाली आहे. ती वन्संनी मिळवली, बारा वर्षं मागे लागून. त्या निमित्तानं एक पुस्तिका निघते आहे. तिच्यासाठी लिहायला मंडळी माझ्याकडे आली. म्हणाली, "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

खरं आहे. पण ओळखणं वेगळं आणि कौतुक करणं वेगळं. मला पहिलंच जमतं. तेव्हा जे आहे ते लिहिते.

हे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते. चौतीस वर्षं एकाच काउंटरमागे. पांढरा कोट, खिशाला पेन, मोजकं बोलणं. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास मागच्या गल्लीतला तेविशीचा मुलगा चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला आला. ह्यांनी नाही म्हटलं. तो घरी गेला, सुरी घेऊन परत आला. इतकंच आहे. लोकांना वाटतं, आणखी काहीतरी असणार. आणखी काहीही नाही.

खटला चार वर्षं चालला. एकसष्ट तारखा पडल्या. मी तीनदा गेले. तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात नोकरीला होते. रजा मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. डायरीत खरं लिहिलं आहे: "जाववत नाही." वन्संनी एकसष्टमधली एकही तारीख चुकवली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी गेलो होतो. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यात एकच बाक होता. आम्ही बसलो. थोड्या वेळानं एक किरकोळ बाई येऊन माझ्या शेजारी टेकली. जागा कमी, त्यामुळे तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. उकडत होतं. तिनं हातातल्या कागदानं वारा घेतला, तो मलाही लागला आणि मला बरंही वाटलं. अर्ध्या तासानं आतून आरोपीच्या नावाचा पुकारा झाला आणि ती उठली. त्याची आई होती. ह्यांच्याकडूनच ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची.

मी घरी येऊन दंड तीनदा धुतला. वन्संनी काय केलं, तर पुढच्या तारखेला आपली पिशवी बाकावर मधोमध आडवी ठेवली. ही पिशवी ह्यांच्या कोटाची. दोन कोट होते. एक पोलिसांकडे गेला. दुसरा त्या आठवड्यात वन्संकडे होता, बटण लावायला. त्यांनी तो कापला आणि त्याची पिशवी केली. पेनाच्या शाईचा डाग पडलेला खिसा तसाच ठेवून बाहेरच्या बाजूला घेतला.

पट्टेवाला म्हणाला, "मावशी, पिशवी उचला. माणसांना बसू द्या."

"इथे माणूस बसलाय."

"कुठाय? ही तर पिशवी."

"माझा भाऊ आहे. उठवून दाखव बघू."

त्यानं उठवलं नाही. ह्या गोष्टी मला त्या पट्टेवाल्यानंच पुढे सांगितल्या, हसत हसत. सगळं कोर्ट सांगतं. मी तिथे नव्हते.

त्याच बाकावर वन्संना एक गवंडी भेटला. त्याची मुलगी गेली होती, नवऱ्याच्या हातून. बिचारा तीनदा चुकीच्या दिवशी काम बुडवून येऊन बसला होता, कारण तारीख पुढे गेल्याचं त्याला कोणीच कळवलं नव्हतं. वन्सं उठल्या आणि त्याला घेऊन थेट कारकुनाच्या टेबलाशी गेल्या. "साहेब, मी सातवी पास. मला कायदा कळत नाही. पण एवढं कळतं, की मारणाऱ्याला तारीख बरोबर कळते, कारण त्याला गाडीत घालून आणतात. ह्याच्या लेकीला कोण आणणार आहे? तेव्हा तारीख ह्याला सांगा. आणि तोंडी नको, कागदावर."

कारकुनानं कागदावर लिहून दिली. दुसऱ्या दिवशी वन्सं आणखी एकीसाठी गेल्या. महिनाभरात कारकून त्यांना बघितलं की न विचारताच चिठ्ठ्या काढायला लागला, आणि त्यांचं नाव तारीखमावशी पडलं. एकोणीस वर्षांत शेकड्यांनी माणसं त्यांच्याबरोबर त्या बाकावर बसली. वन्सं काही मोठं बोलत नाहीत. शेजारी बसून काजं-बटणं करतात. समोरच्या बाजूचे नातेवाईक आले की म्हणतात, "तिकडे बघू नका. माझ्या सुईकडे बघा. टाका चुकला तर सांगा." आणि रडून रडून डोळे सुजलेली माणसं खरोखर टाका चुकतो का बघत बसतात.

प्रत्येक घराला त्या एक पिशवी शिवून देतात. वरच्या कप्प्यात कागद, बाजूला पाण्याची बाटली, खाली बिस्किटं. चष्म्याला छोटा कप्पा वेगळा, कारण रडून झाल्यावर चष्मा सापडत नाही. आणि आतल्या बाजूला फोटोचा खिसा, दिसणार नाही पण हाताला लागेल असा. पट्ट्याचं माप त्या ज्याची त्याची अंगावर टेप लावून घेतात, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी एकदा जिन्यातून पाहिलं. एक बाई कोसळायच्या बेतात होती. वन्संनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, "ताठ उभ्या राहा, माप घ्यायचंय." आणि ती राहिली. मापाला ताठ उभं राहावंच लागतं.

अशा एकशे सात पिशव्या त्यांनी दिल्या. मला एकही नाही.

हे मी इथे लिहिते आहे, कारण खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला. मला वन्संचा हेवा वाटतो. आज नाही, एकोणीस वर्षं. नवरा माझा गेला. सत्तावीस वर्षांचा संसार माझा मोडला. आणि जग त्यांचं सांत्वन करतं. खटल्याच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. "भावासाठी उभी राहिलेली बहीण." खाली बातमीच्या शेवटच्या ओळीत: "मृताची पत्नीही उपस्थित होती." ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. 'ही'वर शाईचा एक ठिपका आहे, तो माझा.

वन्सं लोकांना त्यांच्या दादाच्या गोष्टी सांगतात. शिवणयंत्र थांबलं की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. दादा असा खोडकर, दादा तसा हसवायचा, दादा काय सुरेख शीळ घालायचा, पाखरंसुद्धा गप्प व्हायची. मी भांडी घासता घासता थांबत असे. ज्या माणसाबद्दल त्या बोलतात त्याच्याशी माझं लग्न झालं नव्हतं. माझ्या घरात हे सत्तावीस वर्षांत एकदाही शीळ घालताना मी ऐकलं नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "वन्सं, लोकांना खरं तेवढं सांगावं. हे कधी शीळ घालत होते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. "बरं वहिनी. तुमच्या डायरीत नसेल तर नसेल."

"डायरीत तुमच्या चुका नाहीत हो. त्यांना वेगळी वही लागेल."

"मग घ्या की. मी शिवून देते बांधणी."

हसून बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी खिडकीतून पुन्हा शीळ आली. मी ठरवूनच टाकलं: ह्या बाईनं स्वतःसाठी एक भाऊ रचला आहे.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो कागद आला. शिक्षा भोगणाऱ्यानं लवकर सुटकेचा अर्ज केला आहे. मृताच्या जवळच्या व्यक्तीला काही म्हणायचं असल्यास अमुक तारखेला हजर राहावं. पाकिटावर माझं नाव होतं. वन्संचं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर दारात आलं होतं.

वन्संना ठाऊक होतं की असा कागद कधीतरी येणार. त्यांना असल्या गोष्टी पाठ. त्या आठवड्यात चहाला वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, पंधरा वर्षं होत आली शिक्षेला. काही आलंय का टपालात?"

"नाही," मी म्हटलं.

"आलं तर सांगा हं. एकटीनं जायची जागा नाही ती."

"सांगते."

कागद त्या वेळी आमच्या दोघींच्या मध्ये, डायरीत होता. डायरीवर त्यांनी आपला कप ठेवला होता. त्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: "वन्संशी खोटं बोलले. मुद्दाम."

मला एवढंच हवं होतं, की एकदा, एकदाच, ह्यांच्या वतीनं मी उभी राहावी आणि ऐकणाऱ्यानं माझ्याकडे बघावं. मी चार पानं लिहिली. सात वेळा उतरवून काढली. हे सकाळी किती वाजता उठत, चहा किती गरम लागे, कोणत्या खुर्चीत बसत, शेवटच्या दिवशी निघताना काय म्हणाले ("छत्री नको, ऊन आहे"). सगळं तारीखवार. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्या दिवशी मी नऊला घर सोडलं. वन्सं साडेआठलाच गेल्या होत्या, दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला. सुटकेच्या सुनावण्या तळमजल्यावर होतात आणि वन्संची माणसं दुसऱ्या मजल्यावर, हे मी आधी काढून ठेवलं होतं. नवी खोलीही वरच होती, आणि तिथे वन्सं असणार. म्हणून मी खालीच थांबले. व्हरांड्यात तोच एक बाक होता, रंग नवा.

वन्सं लोकांना काय काय सांगतात ते एकोणीस वर्षं मी खिडकीतून ऐकलं आहे. खाऊन निघा. पाणी घ्या. चष्मा बघा. बाकावर बसण्याआधी कोण बसलंय ते बघा. मी खाल्लं नव्हतं. पाणी नव्हतं. आणि बसल्यावर पर्स उघडली तर चष्मा नव्हता. सकाळची नोंद लिहून तो मी डायरीतच खूण म्हणून ठेवला होता. चार पानं हातात, आणि त्यांच्यावर नुसत्या मुंग्या.

शेजारी कोणीतरी बसलं होतं. खोकल्यावरून कळलं की म्हातारी आहे. तिनं हातातल्या कागदानं वारा घेतला आणि तो मला लागला.

मी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "बाई, तुमच्या नणंदबाई नाही आल्या?"

मी आयुष्यात कधी कोणावर हात उगारला नाही. त्या क्षणी मात्र हात पर्सवर घट्ट दाबून ठेवावा लागला. ह्या बाईनंसुद्धा! माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या आईनंसुद्धा मला बघून वन्सं कुठे आहेत तेच विचारावं!

"मी आले आहे," मी म्हटलं. "माझ्या नावानं कागद आला होता."

"हो, हो. तसं नाही..." ती गडबडली. "त्या मला पण तारीख सांगायच्या. बोलायच्या नाहीत कधी. नुसती तारीख सांगून पुढे जायच्या. म्हणून विचारलं."

हेही मला माहीत नव्हतं. मी भिंतीकडे बघत राहिले. तिला बहुधा वाटलं की आपण काही चुकीचं बोललो, आता काही चांगलं बोलावं. म्हणाली, "फार सज्जन माणूस होता हो तुमचा. माझ्या गोळ्या मोजताना शीळ घालायचे."

"काय?"

"शीळ. हळू, दातातल्या दातात. पण सूर असा, की मी गोळ्या घेऊन झाल्या तरी उभी राहायचे. एकदा विचारलं मी, घरी पण घालता का? तर हसले. म्हणाले, घरी परवानगी नाही."

मला नन्सचं ते लांब जेवणघर आठवलं, जिथे शीळ तर सोडाच, बोलायचीही बंदी होती, आणि लग्नानंतरचा पहिला आठवडा. हे आरशासमोर उभे, गळ्यात टॉवेल. मी म्हणाले होते, शीळ रस्त्यावरची माणसं घालतात. मी एकदाच म्हणाले होते. त्यांना काही दोनदा सांगावं लागत नसे.

वन्संनी भाऊ रचला नव्हता. त्यांनी ऐकलेली शीळ खरी होती. दुकानात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकली होती. ह्या बाईनं ऐकली होती. तिच्या मुलानंही ऐकली असेल. न ऐकलेली मी एकटीच.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वन्सं ठेंगण्या आणि जाड. त्या येतात तेव्हा आधी पिशवी येते. पट्टा इतका लांब की पिशवी प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटते. सगळं कोर्ट त्यावरून चेष्टा करतं, "मावशी, तुम्ही पिशवीला नेता की पिशवी तुम्हाला?" साऱ्या गावाची मापं बरोबर घेणाऱ्या बाईला स्वतःचा पट्टा आखूड करता येत नाही, दिव्याखाली अंधार. मीही म्हटलं आहे ते, एकदा नाही, अनेकदा. पट्टेवाल्यानंच त्यांना वर जाऊन सांगितलं असणार, तुमच्या वहिनी खाली एकट्या बसल्यात.

मी मान खाली घातली. आता विचारतील, कागद कधी आला. आता सगळ्यांसमोर.

त्यांनी त्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी आमच्या मध्ये आडवी ठेवली. शाईचा डाग माझ्या बाजूला आला.

"काही खाल्लंत?"

"नाही."

"वाटलंच. घ्या." बिस्किटाचा पुडा माझ्या मांडीवर पडला. "चष्मा?"

"घरी राहिला."

"शंभरातली नव्वद माणसं विसरतात. तुम्ही नव्वदांत बसाल असं नव्हतं वाटलं." मग पानांकडे बघून जरा हळू म्हणाल्या, "मी वाचू का? अडखळत वाचेन, पण वाचेन."

शेवटी तेच होणार होतं. माझी सात वेळा उतरवलेली पानं, आणि आवाज त्यांचा.

"नको," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सुई काढली.

पुकारा झाला. खोली लहान होती. न्यायाधीश बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, मुलगी असती तर. भिंतीशी तो उभा होता. बेचाळिशीचा, टक्कल पडलेला. रस्त्यात दिसला असता तर मी ओळखलं नसतं. वन्सं दाराशी थांबल्या. आत येऊ नका असं मी सांगितलं नव्हतं. त्या आपणहून थांबल्या.

"तुम्हाला काय म्हणायचं आहे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

मी पानं घडी करून पर्समध्ये टाकली. जे बोलले ते घरी आल्यावर शब्दशः लिहून ठेवलं, म्हणून इथे देता येतं.

"माझे पती शीळ घालत असत. हे मला आज कळलं, बाहेरच्या बाकावर. सत्तावीस वर्षांत मी ती ऐकली नाही, कारण मला ते असभ्य वाटे आणि त्यांनी माझं ऐकलं. दोन वर्षांनी ते निवृत्त होणार होते. मग दिवसभर घरी असते. केव्हातरी विसरून त्यांनी शीळ घातलीच असती. मी रागावलेही असते. पण ऐकली असती. ह्या माणसाच्या आईनं ती ऐकली आहे. आता मला ती ऐकवणारं कोणी नाही. ह्या माणसाला तुम्ही सोडलंत तर तो आमच्याच मागच्या गल्लीत येऊन राहील, त्याला दुसरं घर नाही. मला रोज त्या दुकानावरून जावं लागतं. माझी हरकत आहे. एवढंच."

माझा आवाज हलला नाही. न्यायाधीश बाई माझ्याकडे बघत होत्या. लिहायचं थांबवून बघत होत्या.

बाहेर आले तर वन्सं डोळे पुसत होत्या. मी त्यांना रडताना निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, छान बोललात. त्या म्हणाल्या, "शीळ खरी होती म्हणजे. मलाच कधी कधी शंका यायची, मी सांगून सांगून वाढवली की काय." मग नाक ओढून, "धरा जरा ही पिशवी. वरच्या मजल्यावरची बाई एकटी राहिलीय, सांगून येते."

मी पिशवी खांद्याला लावली. ती थेट कमरेशी बसली. हात सहज खाली सोडला तर कागदांच्या कप्प्यावर पडत होता.

पट्टेवाला बाजूनं जाताना थबकला. "अहो, ही तर तुम्हाला बरोबर बसते की!" आणि हसत गेला.

मी वन्संपेक्षा वीतभर उंच आहे. हे त्यांना माहीत असायला टेप लागत नाही.

घरी आल्यावर मी एकोणीस वर्षांपूर्वीची डायरी काढली. हे गेले त्यानंतरचा अकरावा दिवस. अक्षर माझंच, सरळ, एकसारखं: "वन्सं कोटाची पिशवी शिवून घेऊन आल्या. म्हणाल्या, कोर्टात कागद ठेवायला, तुम्हाला. कोट न विचारता कापल्याचा फार राग आला. परत केली." कोट कापला हे मला एकोणीस वर्षं लख्ख आठवत होतं. कोणासाठी कापला, तेवढंच गळून गेलं होतं. एकशे सात पिशव्या मोजल्या, पहिली मोजलीच नाही.

मी डायरी घेऊन खाली गेले. आमच्या सबंध संसारात मी कोणाला डायरी दाखवली नव्हती. त्यांनी यंत्र थांबवलं, बोट ठेवून अडखळत ती नोंद वाचली.

"हो मग," म्हणाल्या. "तुम्हीच परत केलीत. मला वाटलं, कधीतरी मागाल."

"आणि पट्टा? इतकी वर्षं गुडघा फुटेपर्यंत आपटून घेतलात. कापायचा होता."

"कापलं की जोडता येत नाही, वहिनी. जोड दिसतो." मग माझ्या खांद्याकडे बघून, "राहू दे आता तुमच्याकडेच. आणि टपालात काही आलं तर सांगत जा."

कागदाबद्दल त्या एवढंच बोलल्या. आजवर पुन्हा नाही.

पंधरा दिवसांनी निर्णय आला. अर्ज नामंजूर; तीन वर्षांनी तो पुन्हा करता येईल. तारीख मी लिहून ठेवली आहे, वन्संनाही कागदावर लिहून दिली आहे. आता महिन्यातून दोनदा मीही त्यांच्याबरोबर जाते. मला काजं करता येत नाहीत. मी तारखा लिहून घेते. माझं अक्षर कारकुनापेक्षा चांगलं वाचता येतं, असं त्या गवंड्यानं सांगितलं; तो अजून वन्संना भेटायला येतो. परवा एक बाई जिना चढून आली, तारीखमावशी इथेच ना, म्हणून. मी तिला खाली पाठवलं नाही. आत बसवून पाणी दिलं, कागद लावून दिले, आणि मग खाली नेऊन सोडलं. तिनं दारातूनच वन्संना मिठी मारली. मला थॅंक्यू म्हणाली.

वन्संनी स्वतःसाठी नवी पिशवी शिवली आहे. पट्टा मापाचा, गुडघ्याला लागत नाही. आणि तिला वरून झाकण आहे, दोन बटणांचं, पावसात कागद भिजू नयेत म्हणून. माझ्या पिशवीला झाकण नाही.